चाकांवरचं घर आणि दहा अँपिअरचा फ्युज

रात्रीचे साडेनऊ. गोसेखुर्दच्या जलाशयाच्या काठाला, पवनीच्या अलीकडे, आमची व्हॅन उभी. चौघे मित्र, स्टोव्हवर खिचडी, बाहेर मिट्ट काळोख. आणि अचानक आतले सगळे दिवे गेले. नळाचा पंपही गप्प. मजा म्हणजे चावी फिरवली तर इंजिन पहिल्या फटक्यात सुरू!

आता सांगा, बॅटरी उतरली म्हणावं, तर गाडी सुरू कशी झाली?

‘व्हॅन लाइफ’चे रील्स तुम्हीही बघत असाल. लाकडी पलंग, पिवळसर दिवे, खिडकीतून दिसणारं तळं. पण फ्युज उडाल्यावर काय करायचं, हे त्या रील्समध्ये कुणी दाखवत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडे तर नागझिरा, कोका, गोसेखुर्द, रावणवाडी असं सगळं हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी कधीतरी चाकांवरच्या घरात राहणार, ते भाड्याने घेणार किंवा दुरुस्त करणार, हे नक्की. त्यासाठी आमच्या फजितीची ही गोष्ट.

मी काय केलं (आणि का करायला नको होतं)

टॉर्च घेऊन फ्युजचा डबा उघडला. दहा अँपिअरचा फ्युज जळालेला. दुसरा लावला, दिवे आले, दोन मिनिटांत तोही गेला. तिसरा लावला, तोही गेला. दहाचे फ्युज संपले. डब्यात तीस अँपिअरचा एक होता. मी तोच ठोकून दिला. दिवे लागले, टाळ्या पडल्या, खिचडी वाढली गेली.

पंधराएक मिनिटांत पलंगाखालून प्लास्टिक जळल्याचा वास आला. गादी उचलली तर वायर पापडासारखी फुगलेली आणि प्लायवूड काळं पडायला लागलेलं. एकाने धावत जाऊन बॅटरीची केबल ओढून काढली म्हणून निभावलं. गादीने पेट घेतला असता तर दार एकच होतं, आणि तेही सरकवायला जड!

सकाळी पवनीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांनी वायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “फ्युज उडला म्हनजे त्यानं आपलं काम केलं, भाऊ. तो कायले उडला, हे तुमी पाह्यलंच नाही.”

कारण निघालं भलतंच. भांडी धुवायला म्हणून आम्ही बादलीने नदीचं पाणी टाकीत भरलं होतं. पाणी हळू येतं म्हणून पंपाच्या तोंडची जाळी मीच काढून ठेवली होती. वैनगंगेची बारीक रेती आत गेली आणि पंप जाम झाला. मोटर अडकली की ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दहाचा फ्युज तेच सांगत होता. तीसचा लावून मी त्याचं तोंड बंद केलं. मग सगळा ताप बारीक वायरवर आला.

एक गोष्ट पाठच करा. फ्युज पंपाला किंवा दिव्याला वाचवत नाही, तो वायरला वाचवतो. म्हणून फ्युजचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. उडाला तर त्याच आकड्याचा दुसरा एकदाच लावायचा. तोही उडाला, तर फ्युज बदलणं थांबवून कारण शोधायचं.

एका गाडीत दोन गाड्या

आता सुरुवातीचं कोडं. इंजिन सुरू होतं आणि दिवे बंद, असं कसं? कारण कॅरॅव्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनची. तिचं काम क्षणभर जोरात करंट देऊन सेल्फ फिरवणं. दुसरी घराची. तिचं काम रात्रभर थोडा थोडा करंट देणं. दोन्ही गाडी चालताना अल्टरनेटरवर, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला सर्रास ‘डायनामो’ म्हणतात त्यावर, चार्ज होतात. मध्ये एक रिले असतो. गाडी बंद झाली की तो दोघींना वेगळं करतो. त्यामुळे रात्री कितीही पंखे चालवा, सकाळी गाडी सुरू होतेच. नव्या बीएस ६ गाड्यांमध्ये मात्र अल्टरनेटरचा व्होल्टेज कमी-जास्त होत राहतो. तिथे साधा रिले पुरत नाही, डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

तिसरी लाइन असते इन्व्हर्टरची, २३० व्होल्टची. १२ व्होल्टच्या लाइनवर शिकायला हरकत नाही, पण २३० वर प्रयोग नकोत. ती घरच्या लाइनइतकीच जीवघेणी असते.

बिघाड शोधायचा क्रम

पवनीच्या काकांनी त्या दिवशी पैशांपेक्षा मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे क्रम. कुठलीही वस्तू खोलण्याआधी स्वतःला हे प्रश्न विचारायचे.

पहिला, काय बंद आहे आणि काय चालू आहे? फक्त एक दिवा गेला तर दोष त्या दिव्याजवळ. दिवे आणि पंप एकदम गेले तर दोष दोघांच्या सामाईक जागी, म्हणजे फ्युज किंवा मुख्य वायर. सगळंच गेलं तर बॅटरीपासून सुरुवात.

दुसरा, बॅटरीवर किती व्होल्ट आहेत? साधा डिजिटल मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवा. चार-पाच तास आराम केलेल्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. साधारण १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा हवा. तो १२.५ वरच अडकला असेल तर चार्जिंग होत नाहीये. बेल्ट, अल्टरनेटर, त्याची वायर बघा. एक सावधगिरी मात्र घ्या. मीटरची लाल वायर ‘१० ए’च्या भोकात ठेवून बॅटरीला लावू नका, थेट शॉर्ट होईल.

तिसरा, करंट कुठपर्यंत येतोय? बॅटरी ते पंप हा रस्ता निम्मा करा. मध्यावरच्या फ्युजवर व्होल्टेज आहे? मग दोष पुढे. नाही? मग मागे. दरवेळी अर्धा रस्ता बाद होतो. दहा ठिकाणी खोलण्याऐवजी तीन-चार ठिकाणी मोजून काम होतं.

चौथा, अर्थ धड आहे का? करंट जातो तसा परत यायलाही रस्ता लागतो, आणि गाडीत तो रस्ता म्हणजे बॉडीचा पत्रा. पत्र्याला गंज चढला की दिवे मिणमिणतात, पंप कुरकुरतो. दिवे-पंप चालू ठेवून मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी त्या वस्तूच्या अर्थला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थ खराब. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, परत घट्ट बसवा. निम्मे ‘भुताटकी’चे बिघाड इथेच पळतात.

या चारही प्रश्नांची उत्तरं नीट आली, तरच ती वस्तू खराब आहे असं म्हणायचं.

इंजिनलाही हाच न्याय. सेल्फ मारल्यावर नुसतं ‘कट कट’ होऊन दिवे मंद झाले तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं. एकदाच ‘कट’ झालं आणि दिवे तसेच झगझगीत राहिले तर सेल्फकडे बघा. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचत नाहीये. फिल्टर चोक असेल किंवा लाइनने एअर धरली असेल. टर्मिनल काढताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. उलट केलं आणि पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते.

रात्रीचा हिशेब

हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवता ना? तसाच बॅटरीचा ठेवा. १२ व्होल्टचा पंखा तासाला साधारण २ अँपिअर-तास खातो. नऊ तासांचे १८. एलईडी दिवे चार तास, ७. छोटा फ्रिज चालू असताना ४ अँपिअर घेतो आणि निम्मा वेळ चालतो, म्हणून बारा तासांचे २४. पंप आणि मोबाइल मिळून ४. बेरीज ५३. शंभर अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे एका रात्रीत तुम्ही मर्यादा ओलांडलीच!

आणि इंडक्शन? हजार वॅट भागिले बारा व्होल्ट, म्हणजे ८३ अँपिअर. इन्व्हर्टरचा तोटा धरला तर नव्वदच्या वर. घरात जी वायर इस्त्री चालवते, ती इथे तापून वितळेल. १२ व्होल्टवर तितक्याच वॅटसाठी करंट जवळजवळ वीसपट लागतो, हे लक्षात असू द्या.

आपलं हवामान, आपले उंदीर

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले असतात. पाइपमध्ये पाणी गोठू नये म्हणून काय करावं वगैरे. आपलं दुखणं वेगळं. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ च्या आसपास जातो. लेड-ॲसिड बॅटरी सतत आठ-दहा अंश जास्त तापली तर तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून ती इंजिनजवळ नको, हवेशीर जागी हवी, आणि पाणी घालायची असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची. सोलर पॅनेललाही ऊन हवं असतं, पण ताप नको असतो. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला जवळपास ०.४ टक्के वीज घटते. पॅनेल छताला चिकटवू नका, खालून हवा खेळू द्या.

पावसाळ्यात अर्थचे बोल्ट गंजतात आणि छताच्या जोडातून पाणी झिरपतं. धान कापणीनंतर उंदीर नवं घर शोधतात, आणि महिनाभर उभी असलेली गाडी म्हणजे त्यांना बंगलाच. लांब उभी गाडी काढण्याआधी बॉनेट उघडून वायरी कुरतडल्यात का ते बघाच.

उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा दिसल्या तर टायर बदला. वजनही मोजा. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, शिवाय पलंग, बॅटऱ्या, चार मित्र. ब्रेकला हे सगळं थांबवायचं असतं. आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वर भर दुपारी टेम्परेचरचा काटा चढला तर बाजूला थांबा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

ज्याला वास नाही

आमच्या वायरला निदान वास तरी आला. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटर लावून एसीत झोपले होते. तपासात कारण निघालं जनरेटरमधून आत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नाही, रंग नाही. म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. कितीही उकडलं तरी नाही. बंद गाडीत गॅस पेटवून ठेवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि आग विझवायचं नळकांडं हा खर्च सजावटीच्या दिव्यांआधी करायचा.

एक कायद्याचीही गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आरटीओची मंजुरी लागते. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानकही आहे. तुमची ‘एमएच ३६’ कापायला घेण्याआधी आरटीओत विचारून या.

आणि हे सगळं वाचताना हात शिवशिवले असतील, तर ते ऐका. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. गाडी कळणारे पुष्कळ असतात, घराची वायरिंग कळणारेही. चाकांवरच्या घराला दोन्ही कळणारा माणूस लागतो.

आमच्या व्हॅनमध्ये आता मीटर असतो, प्रत्येक आकड्याचे दोन-दोन फ्युज असतात, पंपाला वेगळी लाइन आहे आणि जाळी जागेवर आहे. शिवाय एक शंभर पानी वही आहे. काय बिघडलं, किती व्होल्ट होते, कारण काय निघालं, सगळं तारखेनिशी लिहायचं. पहिल्या पानावर तो तीस अँपिअरचा फ्युज सेलोटेपने चिकटवलाय. व्हॅनमध्ये नवा कुणी आला की आधी ते पान दाखवतो, मग खिचडी!