टॉर्चवाला नोकिया: एकच मॉडेल, २५ कोटी नग

नोकिया ११०० या एकाच मॉडेलचे जगभरात २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती. पाळण्यातल्या बाळापासून पणजीपर्यंत राज्यातल्या प्रत्येकाला दोन-दोन ११०० वाटले, तरी अडीच कोटी फोन उरतात. आणि ज्या फिनलंडमध्ये ही कंपनी जन्मली, त्या देशाची लोकसंख्या २००३ मध्ये जेमतेम ५२ लाख होती.

२००३ च्या अखेरीस बाजारात आलेल्या या फोनला कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता, इंटरनेट नव्हतं. तरी एका मॉडेलच्या विक्रीचा हा उच्चांक आजही त्याच्याच घराण्यात आहे. २००५ मध्ये आलेला १११० हा त्याचा धाकटा भाऊ २५ कोटींच्या आसपास पोचला. स्मार्टफोनांपैकी सर्वांत जवळ आला तो आयफोन ६, आणि तोही ६ प्लसची विक्री धरून २२ कोटींच्या थोडा पुढे.

११०० ची उंची १०.६ सेंटिमीटर. २५ कोटी फोन डोक्याला पाय लावून ओळीने मांडले, तर २६,५०० किलोमीटरची रांग होते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ती रांग त्यावर जवळजवळ ३८ पदरी बसेल. एका फोनचं वजन ८६ ग्रॅम, म्हणजे सगळ्यांचं मिळून साडेएकवीस हजार टन. दहा टनी ट्रकमध्ये भरायचं म्हटलं तर २,१५० ट्रक लागतील.

पण मला सर्वांत जास्त थक्क करतो तो विजेचा हिशेब. ११०० मध्ये बीएल-५सी ही ८५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असे. ३.७ व्होल्टने गुणलं की साधारण ३.१५ वॉट-तास होतात. २५ कोटी रिकाम्या बॅटऱ्या एकदा पूर्ण भरायच्या, तर सुमारे ७८६ मेगावॉट-तास वीज लागेल. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. चार्जरमधली गळती सोडून दिली, तर कोयना पूर्ण क्षमतेने २४ मिनिटं चालली की जगातले सगळे ११०० भरले! आणि नुसते चालू ठेवले तर ते ४०० तासांपर्यंत, म्हणजे सोळा दिवसांहून जास्त टिकतील, असं कंपनी सांगत असे. आजच्या पाच हजार मिलिअँपिअरवाल्या २५ कोटी फोनांसाठी त्याच कोयनेला जवळजवळ अडीच तास चालावं लागेल, आणि उद्या संध्याकाळी परत तेवढंच.

ही काटकसर आपोआप आली नव्हती. ११०० चा पडदा होता ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून ६,२४० ठिपके, तेही काळे-पांढरे. आजच्या मध्यम किमतीच्या फोनवर २५ लाखांहून जास्त रंगीत ठिपके सतत जळत असतात. फोन घडवणाऱ्यांनी ज्या गोष्टी काढून टाकल्या त्या विचार करून टाकल्या, आणि ज्या ठेवल्या त्याही. बटणांवर सलग रबरी पत्रा होता, त्यामुळे फटीच नव्हत्या आणि धूळ आत जात नव्हती. कडा खरखरीत होत्या, घामेजल्या हातातून निसटत नसत. आणि माथ्यावर टॉर्च.

या टॉर्चबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. भारतात हा फोन ‘मेड फॉर इंडिया’ म्हणून विकला गेला आणि ते शब्द शोभेचे नव्हते. त्याच काळात ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने पिचला होता. शेतीपंपाला लाईट यायची रात्री, आणि दारं धरायला अंधारात बांधावरून जावं लागायचं. साप-विंचवाच्या त्या वाटेवर खिशातला फोन पुढची चार पावलं दाखवत होता. ज्यांचा कुणाला फोन करायचा प्रसंग दिवसातून एखादाच येई, त्यांनाही ११०० रोज रात्री उपयोगी पडला. एक छोटा दिवा आणि एक रबरी पत्रा, दोन्हींचा खर्च किरकोळ. माझ्या मते मोबाइलच्या इतिहासात इतक्या कमी खर्चाच्या दोन सोयींनी इतक्या माणसांचं इतकं काम कधी केलं नाही.

२००५ मध्ये नोकियाने आपला शंभर कोटीवा फोन विकला. तो गेला नायजेरियात, आणि तो होता ११००.

आता कंपनीचा वेग बघा. २००७ मध्ये नोकियाने ४३ कोटी ७० लाख फोन विकले, २००८ मध्ये ४६ कोटी ८० लाख. जगात विकल्या गेलेल्या दर दहा फोनांपैकी जवळजवळ चार. २००८ चा आकडा दिवसांत मोडला तर रोज पावणेतेरा लाखांच्या आसपास. सेकंदात मोडला तर दर सेकंदाला पंधरा. हे वाक्य वाचायला पाच सेकंद लागले असतील, तर तेवढ्यात पंचाहत्तर फोन गिऱ्हाइकांच्या हाती गेले. आणि वाजत किती होते? स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगा यांच्या १९०२ च्या ‘ग्रान व्हाल्स’मधून उचललेली ती नोकिया ट्यून २००९ च्या एका अंदाजानुसार जगात रोज १८० कोटी वेळा वाजत होती, म्हणजे सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा.

या प्रमाणावर काम करताना अगदी बारीक दोषसुद्धा डोंगराएवढा होतो. ऑगस्ट २००७ मध्ये बीएल-५सी बॅटऱ्या तापत असल्याचं जाहीर झालं. तक्रारी होत्या सुमारे शंभर. पण ज्या पुरवठादाराच्या ज्या काळातल्या मालात दोष होता, त्या बॅटऱ्या भरल्या ४ कोटी ६० लाख! साडेचार लाखांत एखादी तक्रार, तरी त्या सगळ्या बदलून देण्याची तयारी कंपनीला जाहीर करावी लागली. आपल्याकडेही तेव्हा माणसं बॅटरी उलटी करून तिच्यावरचा क्रमांक ताडून पाहत होती. तीच बीएल-५सी आजही छोट्या एफएम रेडिओंत आणि स्पीकरांत घातली जाते, गल्लीतल्या मोबाइल दुकानात मिळते. नोकियाच्या सगळ्या वारशात सर्वांत चिवट वस्तू मला हीच वाटते.

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ च्या सुरुवातीला चालू झाला. पहिल्या पाच-सहा वर्षांतच तिथे ५० कोटी फोन तयार झाले. सरासरी काढली तर रोज अडीच लाखांच्या आसपास. जोडणीच्या पट्ट्यांवर आजूबाजूच्या गावांतल्या तरुण मुलींची संख्या मोठी होती, आणि ऐन भरात थेट नोकरीवरच सुमारे आठ हजार माणसं होती. भारत मोबाइल बनवू शकतो हे आज आपण अभिमानाने सांगतो. ते आधी त्या मुलींच्या बोटांनी दाखवून दिलं. पुढे मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला गेला, तेव्हा करांच्या वादामुळे हा कारखाना त्या व्यवहारातून वगळला गेला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद पडला. नोकियाप्रेमींच्या गप्पांत एन९५ आणि एन९ या मॉडेलांवर तासन्‌तास वाद होतात. श्रीपेरुंबुदूरचं नाव क्वचित निघतं, याचं मला वाईट वाटतं.

मग एवढी कंपनी कोसळली कशी? याची अनेक उत्तरं दिली जातात. मला एका आकड्यात बरंच काही दिसतं. २००७ मध्ये पहिला आयफोन आला आणि पहिले दहा लाख आयफोन विकायला अॅपलला ७४ दिवस लागले. त्या वर्षीच्या नोकियाच्या वेगाने तेवढे फोन २० तासांत विकले जात होते. ७४ दिवस विरुद्ध २० तास! नोकियाच्या एस्पूमधल्या मुख्यालयात बसलेल्या माणसाला या हिशेबात भिण्यासारखं काय दिसणार होतं?

पण मोजायची गोष्ट बदलली होती. जुलै २००८ मध्ये अॅपलचं अॅप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात अवघी ५०० अॅप होती. पहिल्या तीन दिवसांत डाउनलोड झाले एक कोटी. जानेवारी २०११ मध्ये हा आकडा १,००० कोटींवर गेला. त्याआधीच्या २०१० या वर्षात नोकियाने दहा कोटी स्मार्टफोन विकले होते, अॅपलने पावणेपाच कोटी. हे अनेकांना आज खरंच वाटत नाही, पण स्मार्टफोनांतसुद्धा नोकिया तेव्हा दुपटीने पुढे होती. पेटीने पुढे, आणि पेटीच्या आत जे चालतं त्यात मागे. १,००० कोटी डाउनलोड झाल्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने स्वतःची सिंबियन प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा रस्ता धरल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या एप्रिल ते जून तिमाहीत अॅपलचे दोन कोटी तीन लाख आणि नोकियाचे एक कोटी ६७ लाख स्मार्टफोन खपले. पुढच्या वर्षी एकूण फोनांतलं पहिलं स्थानही सॅमसंगकडे गेलं. १९९८ मध्ये मोटोरोलाला मागे टाकून मिळवलेलं ते स्थान चौदा वर्षं टिकलं होतं.

याच पडत्या काळात नोकियाच्या अभियंत्यांनी जे केलं, त्याला माझा सलाम आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये बार्सिलोनाला त्यांनी ८०८ प्युअरव्ह्यू दाखवला: ४१ मेगापिक्सेल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चार कोटी दहा लाख ठिपके. पूर्ण आकारात काढलेला एक फोटो तीन कोटी ८० लाखांहून जास्त ठिपक्यांचा. ८०८ चा स्वतःचा पडदा होता ६४० बाय ३६० चा. त्या फोटोचा एकेक ठिपका दाखवायचा तर तसले जवळजवळ १६७ पडदे लागले असते. ११०० चे पडदे लावायचे तर सहा हजारांहून जास्त! नेहमीच्या वापरात हा फोन शेजारचे अनेक ठिपके एकत्र करून त्यांचा एक स्वच्छ ठिपका करत असे. आज जवळजवळ प्रत्येक कंपनी ५० किंवा २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हेच करते. फक्त ८०८ आला तो सिंबियनवर, जिला कंपनीने वर्षभर आधीच निरोप दिला होता. इतका चांगला कॅमेरा इतक्या वाईट वेळी आला, ही हळहळ आम्हा चाहत्यांच्या मनातून जात नाही.

पुढचे आकडे भराभर सांगून टाकतो. २००० साली नोकियाच्या शेअरने साठ युरोंची पातळी ओलांडली होती आणि फिनलंडच्या निर्यातीचा पाचवा हिस्सा ही एक कंपनी करत होती. २०१२ च्या जुलैत तोच शेअर दीड युरोच्या खाली होता. सप्टेंबर २०१३ मध्ये मोबाइलचा धंदा, पेटंटांच्या परवान्यांसह, ५४४ कोटी युरोंना मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं. तेव्हाच्या दराने सुमारे ७२० कोटी डॉलर. व्यवहार पुरा झाल्यावर सव्वा वर्षात, जुलै २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने त्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. मोजलेल्या किमतीपेक्षाही जास्त.

माझं मत विचाराल तर ११०० चा विक्रम आता मोडत नाही. आता दरवर्षी, कधीकधी सहा महिन्यांतच, नवं मॉडेल येतं आणि जुनं मागे पडतं. एकच फोन, त्यात काही न बदलता, वर्षानुवर्षं विकत राहण्याचा धीर आज कुठल्या कंपनीत नाही, आणि आपल्यासारख्या गिऱ्हाइकांतही नाही.

तुमच्या घरी टॉर्चवाला नोकिया पडून असेल तर आधी मागचं झाकण उघडा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्ज करू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या आणि नवी बीएल-५सी आणा. चार्जर जाड पिनचा लागेल. हल्लीचं नखाएवढं सिम त्या खाचेत नुसतं बसत नाही, मोठ्या सिमची चौकट मागून घ्या. हा फोन फक्त २जी जाळ्यावर चालतो, आणि जिओने २जी जाळं कधी उभारलंच नाही. म्हणून एअरटेल, व्होडाफोन-आयडिया किंवा बीएसएनएलचं सिम घाला. तुमच्या भागात त्यांची २जी रेंज असेल, तर तो आजही वाजतो.