युवा फुटबॉल : वयोगटातील यश आणि वरिष्ठ संघापर्यंतची वाट

बेंगळुरूच्या श्री कंठीरव क्रीडांगणावर ४ जुलै २०२३ रोजी भारताच्या वरिष्ठ फुटबॉल संघाने कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये ५-४ असे पराभूत करून दक्षिण आशियाई अजिंक्यपद राखले. निर्धारित आणि अतिरिक्त वेळेअखेर सामना १-१ असा बरोबरीत होता. त्या दिवशी भारताकडून खेळणाऱ्यांमध्ये जीक्सन सिंग आणि अन्वर अली हे दोन तरुण होते. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०१७ मध्ये, हे दोघेही भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत खेळले होते. युवा संघातून वरिष्ठ संघापर्यंत पोहोचण्याची वाट भारतात अस्तित्वात आहे, हे यावरून दिसते. मात्र ती किती अरुंद आहे, हे समजण्यासाठी युवा संघांच्या कामगिरीचा इतिहास तपासावा लागतो.

वयोगट म्हणजे काय ?

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये सतरा, वीस आणि तेवीस वर्षांखालील असे तीन प्रमुख वयोगट मानले जातात. सतरा वर्षांखालील स्पर्धेसाठी खेळाडूचे वय सामन्याच्या दिवशी मोजले जात नाही. त्याचे जन्मवर्ष पाहिले जाते. २०१७ च्या स्पर्धेत १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाच प्रवेश होता. आशियाई फुटबॉल महासंघाची स्पर्धा पूर्वी सोळा आणि एकोणीस वर्षांखालील गटांच्या नावाने ओळखली जात असे. २०२३ पासून तिला सतरा आणि वीस वर्षांखालील आशियाई चषक असे नाव मिळाले. प्रथम पात्रता गट, नंतर आशियाई चषक आणि त्यात ठरावीक टप्पा गाठणाऱ्या संघांना विश्वचषक, अशी ही उतरंड आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी : यजमान देशाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. २०१७ मध्ये भारताला प्रवेश मिळाला तो याच कारणाने.

वय चोरण्याचा प्रकार या गटांमध्ये जुना आहे. त्यास आळा घालण्यासाठी जागतिक महासंघाने २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. मनगटाजवळ हाताच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा कूर्चापट्ट असतो. तो पूर्णपणे सांधला गेला असेल, तर मुलाने बहुधा सतरावे वर्ष ओलांडले आहे असा निष्कर्ष निघतो. मोठ्या वयाचा मुलगा खेळवून एखादा चषक जिंकता येतो. पण त्यामुळे योग्य वयाच्या मुलाची जागा जाते आणि पुढे वरिष्ठ संघाला काहीच मिळत नाही.

जुने वैभव

१९७४ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशियाई युवा स्पर्धेत शब्बीर अली यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने इराणशी अंतिम सामन्यात २-२ अशी बरोबरी साधली आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. युवा गटात आशिया खंडाचे विजेतेपद भारताने मिळवले ते एवढेच. दुर्दैव असे की युवा विश्वचषक स्पर्धा सुरू झाली ती १९७७ मध्ये, ट्युनिशियात. भारताची ती पिढी तीन वर्षे आधी जन्मली, असेच म्हणावे लागेल.

बेंगळुरूच्या संदर्भात २००६ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षीची आशियाई युवा अजिंक्यपद स्पर्धा भारतात, कोलकाता आणि बेंगळुरू या दोन शहरांत खेळवली गेली. उत्तर कोरियाने जपानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून अजिंक्यपद मिळवले. हे दोन संघ तसेच दक्षिण कोरिया आणि जॉर्डन हे २००७ च्या कॅनडातील युवा विश्वचषकास पात्र ठरले. यजमान भारत साखळीतच बाद झाला. कॅनडात खेळलेल्या दक्षिण कोरियाच्या संघातील की सुंग-युंग आणि ली चुंग-योंग हे तीनच वर्षांनी, २०१० मध्ये, वरिष्ठ विश्वचषकात खेळताना दिसले. युवा संघ ही वरिष्ठ संघाची पायरी असते, याचा याहून स्पष्ट दाखला शोधण्याची गरज नाही.

२०१७ चा विश्वचषक

६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात नवी दिल्ली, नवी मुंबई, गोवा, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता येथे ही स्पर्धा झाली. फुटबॉलची एवढी जुनी परंपरा असलेले बेंगळुरू या यादीत नव्हते. भारताचे तिन्ही सामने नवी दिल्लीत झाले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे पराभव संघाच्या वाट्याला आले. मात्र कोलंबियाविरुद्ध ९ ऑक्टोबर रोजी जीक्सन सिंगने हेडरद्वारे केलेला गोल हा जागतिक महासंघाच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल ठरला. ज्या कॉर्नर किकवर तो झाला, ती घेणारा संजीव स्टॅलिन हा बेंगळुरूचा. त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची जडणघडण झाली होती. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हाही त्या चमूत होता. मणिपूर, बेंगळुरू, कोल्हापूर आणि परदेशस्थ मराठी कुटुंब अशा चार दिशांनी आलेली मुले एका संघात एकत्र आली, ही त्या निवडीची जमेची बाजू होती.

स्पर्धेला १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक लाभले आणि या वयोगटाचा तोवरचा विक्रम मोडला. तत्पूर्वी, १५ सप्टेंबर रोजी महाराष्ट्र शासनाने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या उपक्रमाद्वारे शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळवला होता. एका दिवसाचा उत्सव आणि वर्षभराची साखळी स्पर्धा यांत मात्र अंतर आहे. मुलाला घडवते ती साखळी स्पर्धा.

थोडक्यात हुकलेल्या संधी

सतरा वर्षांखालील गटात भारताने आशियाई स्पर्धेची उपान्त्यपूर्व फेरी दोनदा गाठली, २००२ आणि २०१८ मध्ये. दोन्ही वेळा दक्षिण कोरियाने वाट अडवली. २०१८ ची कथा अधिक चटका लावणारी आहे. मलेशियातील त्या स्पर्धेत गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखालील संघाने व्हिएतनामला १-० असे हरवले, इराण आणि इंडोनेशिया यांना गोलशून्य बरोबरीत रोखले. साखळीत एकही गोल न स्वीकारता संघ पुढे गेला आणि कोरियाकडून ०-१ असा हरला. तो एक सामना जिंकला असता, तर भारत २०१९ च्या विश्वचषकास यजमान म्हणून नव्हे तर स्वबळावर पात्र ठरला असता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील संघाने स्पेनमध्ये अर्जेंटिनाला २-१ असे नमवले होते. सामना प्रासंगिक स्पर्धेतील होता, तरी निकाल लक्षणीय होता.

२०१९ मध्ये ताश्कंद येथे झालेल्या पात्रता फेरीत भारताने तुर्कमेनिस्तान आणि बहारीन यांना प्रत्येकी ५-० असे हरवून आणि उझबेकिस्तानशी १-१ अशी बरोबरी साधून गटात पहिले स्थान मिळवले. पुढची स्पर्धा कोविड महासाथीमुळे रद्द झाली आणि त्या पिढीला आशियाई मंचच मिळाला नाही. २०२३ मध्ये थायलंड येथे भारताने व्हिएतनामशी १-१ अशी बरोबरी साधली, उझबेकिस्तानकडून ०-१ आणि जपानकडून ४-८ अशी हार पत्करली. जपानवर चार गोल करणारा संघ आठ गोल स्वीकारतो, यात आक्रमणाचे कौतुक आणि बचावाची शिस्त या दोन्हींचा हिशेब आला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबाद येथे बिबियानो फर्नांडिस यांच्याच संघाने इराणला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला.

याच्या महिनाभर आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, गोव्यात वरिष्ठ संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकातून बाहेर पडला. मुले इराणला हरवतात आणि मोठे सिंगापूरकडून हरतात, या विसंगतीत प्रश्नाचे सारे मर्म आहे.

मुलींच्या युवा संघाची कथाही काहीशी अशीच आहे. २०२२ चा सतरा वर्षांखालील महिला विश्वचषक भारतात झाला आणि यजमान संघ तिन्ही सामने हरला. २०२५ मध्ये मात्र सतरा आणि वीस वर्षांखालील दोन्ही संघांनी २०२६ च्या आशियाई चषकांसाठी मैदानावर पात्रता मिळवली.

सतरा ते एकवीस : हरवलेली वर्षे

सोळाव्या वर्षी भारतीय मुलगा आशियातील चांगल्या संघांशी बरोबरी करतो आणि बाविसाव्या वर्षी मागे पडतो. या मधल्या काळात त्याला स्पर्धात्मक सामने पुरेसे मिळत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण होय. व्यावसायिक क्लब निकालाच्या दडपणाखाली अनुभवी किंवा परदेशी खेळाडूस प्राधान्य देतात आणि तरुण राखीव बाकावर बसून राहतो. हा दोष दूर करण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये 'इंडियन ॲरोज' हा केवळ तरुणांचा संघ आय-लीगमध्ये उतरवला. २०१३ मध्ये तो बंद झाला, २०१७ च्या विश्वचषकानंतर पुनरुज्जीवित झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा गुंडाळला गेला. २०१७ च्या संघातील अमरजित सिंग, सुरेश सिंग, जीक्सन, लालेंगमाविया, अन्वर आणि रहीम अली हे पुढे वरिष्ठ संघातून खेळले. त्यांच्यापैकी बहुतेकांना प्रौढ खेळाडूंविरुद्धचा पहिला अनुभव या ॲरोजनेच दिला. सुरेश सिंग नंतर बेंगळुरू एफसीचा आधारस्तंभ झाला.

बेंगळुरूचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. या शहराच्या बेंगळुरू मुस्लिम्स संघाने १९३७ आणि १९३८ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला होता. ऑस्टिन टाउन, गौतमपुरा, हलसूर या वस्त्यांनी आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांसारख्या सार्वजनिक उद्योगांच्या संघांनी अनेक पिढ्या खेळाडू पुरवले. उद्योगांच्या नोकऱ्या आटल्या तशी ही साखळी सैल झाली. संजीव स्टॅलिनला लहान वयात प्रशिक्षणासाठी चंडीगड अकादमीत जावे लागले, हे त्याचेच लक्षण. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरू एफसीने ही पोकळी अंशतः भरली. २०२२ पासून सुरू झालेल्या रिलायन्स फाउंडेशन विकास लीगची पहिली दोन्ही विजेतेपदे या क्लबच्या युवा संघाकडे गेली. २०२३ मध्ये रियाध येथे मेघालयाला ३-२ असे हरवून कर्नाटकने ५४ वर्षांनंतर संतोष करंडक जिंकला.

तुलनेसाठी उझबेकिस्तान पाहावा. साडेतीन कोटींहून अधिक लोकसंख्येचा हा देश लोकसंख्येने कर्नाटकापेक्षा लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकाची लोकसंख्या ६ कोटी ११ लाख होती. उझबेकिस्तानने २०१२ मध्ये सोळा, २०१८ मध्ये तेवीस, २०२३ मध्ये वीस आणि २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई विजेतेपद मिळवले आणि २०२५ मध्येच वरिष्ठ विश्वचषकासाठी प्रथमच पात्रता मिळवली. २०१९ मध्ये ताश्कंदला याच देशाच्या मुलांना भारताने बरोबरीत रोखले होते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा राज्यसूचीतील विषय (नोंद ३३) आहे. मैदाने, शालेय स्पर्धा आणि प्रशिक्षकांच्या नेमणुका या प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीत येतात. राष्ट्रीय संघाची निवड महासंघाकडे आणि 'खेलो इंडिया'सारख्या योजनांचे अर्थसाहाय्य केंद्राकडे असते. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम, २०२५ हा महासंघांच्या कारभाराशी निगडित आहे. सतरा ते एकवीस या वयातील खेळाडूला वर्षभरात किती सामने मिळतील, हे मात्र क्लब, राज्य संघटना आणि महासंघ यांच्या वेळापत्रकावरच अवलंबून राहते.