शरदातली असीरगडची खिंड

बुऱ्हाणपूरहून खंडव्याच्या वाटेला लागलं की साधारण वीस किलोमीटरवर सातपुडा एकदम जवळ येतो आणि त्याच्या माथ्यावर असीरगड दिसतो. इथली खिंड फार उंच नाही, पण तापी आणि नर्मदा या दोन खोऱ्यांना जोडणारी हीच सोयीची वाट. म्हणूनच गडाला ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणत.

आश्विन-कार्तिकात इथं यावं! पाऊस सरलेला, हवा धुऊन निघालेली. उतारावरचं गवत पिवळं पडू लागतं. सागाच्या शेंड्यांवर मोहोराच्या जागी कागदी फुग्यांसारख्या फळांचे घोस लटकतात. एखादं फळ हातात घेऊन चुरगळलं की पातळ टरफलातून टणक बी निघतं. खाली काळ्या रानात कापसाची बोंडं फुटलेली असतात.

गडाचे तीन टप्पे आहेत: असीरगड, कमरगड आणि मलयगड. अकबराने फारुकी सुलतान बहादूरशहाकडून जानेवारी १६०१ मध्ये तो घेतला, तोही दीर्घ वेढ्यानंतर. पुढे तो शिंद्यांकडे आला आणि एप्रिल १८१९ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला.

वर महादेवाचं जुनं देऊळ आहे. अश्वत्थामा आजही पहाटे इथं पूजेला येतो, अशी लोकांची श्रद्धा.

गडाखालच्या खिंडीतली ती जुनी वाट आजही थांबलेली नाही. इंदूर-इच्छापूर महामार्ग गडाच्या पायथ्यालगत जातो, आणि खंडवा-भुसावळ लोहमार्गानेही सातपुडा ओलांडण्यासाठी डोंगररांगेतली हीच फट धरली आहे.