न्हाणीघरातले आम्ल

तुमच्या न्हाणीघरातील नळाची तोटी एकदा नीट पाहा. तिच्या तोंडाशी पांढरे, खरखरीत पुट चढलेले दिसते का? छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, ज्या घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरतात तेथे असे पुट अनेकदा आढळते. ते येते कोठून?

वेरूळची लेणी ज्या काळ्या बेसाल्ट खडकात कोरली आहेत, त्याच जातीचा खडक या शहराखाली पसरलेला आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकाच्या भेगांतून झिरपते. वाटेत त्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअम यांचे बायकार्बोनेट क्षार उतरतात आणि पाणी जड होते. हे पाणी फरशीवर वाळले, की मागे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट राहते. चुनखडीचा दगडही याच पदार्थाचा बनलेला असतो.

साबणाने हे पुट निघत नाही. मग दुकानातून ‘ॲसिड’ची बाटली येते. हे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते पुटावर पडताच फसफस होते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेले कॅल्शिअम क्लोराइड पाण्याबरोबर वाहून जाते.

येथवर ठीक आहे. पण पुष्कळांच्या मनात एक विचार येतो. आम्लाने डाग निघतात, ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात; मग दोन्ही एकदम टाकली तर दुप्पट स्वच्छता होणार नाही का?

नाही. होतो तो विषारी वायू!

ब्लीचिंग पावडर म्हणजे तुमच्या पुस्तकातले विरंजक चूर्ण. विरलेल्या चुन्यावर क्लोरिन वायू सोडून ते तयार करतात. आम्ल पडले, की चुन्याने धरून ठेवलेला हा क्लोरिन मोकळा होतो. बाटलीतल्या द्रवरूप ब्लीचमध्ये सोडिअम हायपोक्लोराइट असते. त्याचेही असेच होते. व्हिनेगर आणि लिंबाचा रस हीसुद्धा आम्लेच आहेत, हे विसरू नका. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला द्रव मिसळला, तर क्लोरामाइन नावाचे दुसरे विषारी वायू निघतात.

हाच क्लोरिन २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून सोडला गेला होता. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने खंदकांत उतरून साचला. दार लावलेले लहानसे न्हाणीघर म्हणजे एक खंदकच नव्हे काय? तेथे खाली बसून फरशी घासणाऱ्याचे नाक नेमके जमिनीजवळ असते. शिवाय एवढे करून स्वच्छता वाढतही नाही. जंतू मारणारा क्लोरिन उडून जातो आणि डाग काढणारे आम्लही खर्ची पडते.

आता एक प्रश्न. पायावर आम्ल सांडले, तर खाण्याचा सोडा लावावा का? ‘आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार व पाणी’ हे उदासिनीकरण तुम्ही शिकला आहात, म्हणून ‘हो’ म्हणण्याचा मोह होईल. पण प्रयोगशाळेत आपण दर्शक घालून थेंबाथेंबाने मोजत जातो. कातडीवर असे मोजता येत नाही, उदासिनीकरणात उष्णताही बाहेर पडते आणि सोडा शोधण्यात मोलाचा वेळ जातो. उलट वाहते पाणी आम्लाला पातळ करते, धुऊन नेते आणि उष्णताही काढून घेते. म्हणून पहिला उपाय पाणीच.

अपघात झाला तर

वायू नाकात गेला: ताबडतोब मोकळ्या हवेत या. सांडलेले आवरण्यासाठी परत आत जाऊ नका. खोकला थांबेना किंवा दम लागू लागला, तर दवाखान्यात जा. कधी कधी फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढतो.

कातडीवर पडले: भिजलेले कपडे काढा आणि भाग निदान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. तुंबलेली मोरी मोकळी करणारी कॉस्टिक सोड्याची कोरडी पूड असेल, तर आधी ती कोरड्या फडक्याने झटका, मग धुवा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका.

डोळ्यात गेले: पापण्या उघड्या धरून २० मिनिटे पाणी सोडा. पाणी नाकाकडून कानाकडे वाहू द्या, म्हणजे दुसरा डोळा वाचेल. चोळू नका. गुलाबपाणी घालू नका. मग लगेच डॉक्टरांकडे जा.

पोटात गेले: उलटी करवू नका. आम्ल किंवा कॉस्टिक सोडा वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो. फिनेलसारखा द्रव श्वासनलिकेत शिरू शकतो. मिठाचे पाणी, लिंबू, सोडा देऊ नका. तोंड धुवा आणि बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठा. बाटलीवरचे नाव वाचून डॉक्टरांचा वेळ वाचतो.

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावा. शहरात ‘घाटी’ या नावाने ओळखले जाणारे शासकीय रुग्णालय आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र असून त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे.

एवढे करा

आम्लाची बाटली उघडण्यापूर्वी पाण्याने भरलेली बादली आणि तांब्या जवळ ठेवा. नळाला पाणी नसेल त्या दिवशी आम्लाचे काम काढूच नका. हातमोजे घाला, खिडकी उघडा. सरबताच्या बाटलीत फिनेल किंवा आम्ल कधीही ओतून ठेवू नका. लहान भावंडांना ते सरबतच वाटते.

येत्या रविवारी घरातल्या मोठ्या माणसांबरोबर सफाईच्या सर्व बाटल्या पाहा. त्या उघडू नका, हुंगू नका. फक्त वरची नावे वाचून ‘आम्ल’, ‘आम्लारी’, ‘ब्लीच’ आणि ‘इतर’ अशी यादी करा. कोणत्या दोन बाटल्या शेजारी ठेवू नयेत, ते तुम्हीच घरच्यांना समजावून सांगा. आणि फसफस पाहायचीच असेल, तर तोटीवरचे थोडे पुट खरवडून वाटीत घ्या व त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. बारीक बुडबुडे दिसतील.