लालपरीची पाटी जावा बेटावर

बुलढाण्याहून भोकरदनकडे निघालं की वाटेत आमचं धाड लागतं. आमच्या स्टॅण्डवर थांबणारी लाल एसटी गेली काही वर्षं इंडोनेशियातल्या जावा बेटावरही धावते आहे. समोर पाटी 'बुलढाणा – छत्रपती संभाजीनगर, मार्गे धाड, भोकरदन'. दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, भाताची खाचरं, इंडोनेशियन भाषेतले फलक. ड्रायव्हर नववी-दहावीतला आणि स्टिअरिंग मोबाइलच्या काचेवर. गेमचं नाव 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. मुलं त्याला 'बसिड' म्हणतात. मालिओ नावाच्या इंडोनेशियन कंपनीने तो २०१७ मध्ये आणला.

त्या कंपनीने आपली एसटी बनवलेली नाही. तिथल्या कारागिरांना जकार्ता, सुरबाया, बाली ठाऊक. धाड कुठून ठाऊक असणार? ही एसटी बनवली महाराष्ट्रातल्या पोरांनी. कंपनीने एवढंच केलं, की बाहेर बनवलेली गाडी आणि तिची रंगरंगोटी खेळात घालायची सोय ठेवली. खेळाडूने स्वतः घडवून खेळात घातलेल्या अशा गोष्टीला 'मॉड' म्हणतात. गेम बनवणाऱ्यांनी ही सोय ठेवावी की नाही, याबद्दल जगभर तीसेक वर्षं वाद चालू आहे. माझं मत आहे की ठेवावी, आणि ती लेखी परवानगीसह ठेवावी.

माझं धाडला फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. कोरल आणि फोटोशॉप दिवसभर उघडंच असतं, म्हणून मुलं माझ्याकडे येतात. "काका, 'धाड'चा ध लय बारीक दिसून राहिला, जरा ठळक करून द्या ना." बसच्या रंगरूपाला ती 'लिव्हरी' म्हणतात, नाहीतर नुसतं 'स्किन'. लिव्हरी म्हणजे एक चौकोनी चित्र. बसच्या डाव्या, उजव्या, पुढच्या, मागच्या सगळ्या बाजू त्या एकाच चौकोनात सपाट मांडलेल्या असतात. कुठला भाग दारावर येणार आणि कुठला खिडक्यांखालच्या पट्ट्यावर, हे ठरलेलं असतं. रंग भरायचा, पाटी लिहायची, फाइल सेव्ह करायची आणि गेममधल्या गॅरेजमध्ये ती निवडायची. मराठीला यात एक फायदा आहे. अनेक गेममध्ये मजकूर म्हणून देवनागरी टाकली की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं फुटतात. लिव्हरी हे चित्रच असल्यामुळे 'छत्रपती'तला त्र जसा काढला तसाच उमटतो.

या पोरांचा बारकावा बघून मी थक्क होतो. बुलढाणा जिल्ह्याचा पासिंग नंबर एमएच-२८, पण ती एसटीवर तो कधीच टाकत नाहीत. एसटी महामंडळ बऱ्याच गाड्यांच्या बॉड्या आपल्या कार्यशाळांत बांधतं: पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. पासिंग तिकडेच होतं. म्हणून दापोडीची गाडी एमएच-१४, चिकलठाण्याची एमएच-२० आणि हिंगण्याची एमएच-४०. कुणी मॉडवर एमएच-२८ लिहिलं तर बाकीची पोरं त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावतात. ॲल्युमिनियम बॉडीची 'परिवर्तन' आणि नंतरची पोलादी बॉडीची लाल गाडी त्यांना लांबून ओळखता येते. रस्त्यावरून उठून गेलेले रंगही त्यांच्याकडे आहेत. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांवरून जिला 'एशियाड' नाव पडलं, ती जुनी निमआराम गाडी आज स्टॅण्डवर दिसत नाही. यांच्या फोनमध्ये ती नीट धुऊनपुसून उभी आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. ते महिने आमच्यासारख्या गावांना फार जड गेले. कॉलेजला जाणाऱ्या मुलींचे तर हालच झाले. त्या काळात माझ्याकडे लिव्हरीची कामं सर्वात जास्त आली. खऱ्या गाड्या आगारात उभ्या होत्या आणि मुलं आपापल्या गावाच्या फेऱ्या फोनवर वेळापत्रकाप्रमाणे सोडत होती. यात मला पोरखेळापलीकडचं काही दिसलं. आपलं गाव, आपली गाडी पडद्यावर असावी, ही भूक त्यामागे होती.

लिव्हरीपेक्षा अवघड काम अख्खी गाडी बनवण्याचं. त्यासाठी कॉम्प्युटर लागतो आणि ब्लेंडरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पत्रा, काचा, सीट, आरसे, चाकं सगळं त्रिमितीत घडवायचं, आणि तेही आटोपशीर. नाहीतर स्वस्तातला फोन गाडी दिसताच अडकतो. आमच्याकडच्या एका मुलाने एसटीच्या 'शिवशाही' गाडीचे आरसे आणि वायपर बसवण्यात दिवाळीची सुट्टी घातली. शिकवायला यूट्यूबवरचे हिंदी आणि इंडोनेशियन व्हिडिओ. आपली गाडी त्या खेळात इतकी चपखल बसते, याला एक साधं कारण आहे. इंडोनेशियात आपल्यासारखंच डावीकडून वाहन चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. अमेरिकन गेममध्ये एसटी घातली असती तर ती सगळा वेळ उलट्या बाजूने धावली असती.

मॉडची परंपरा जुनी आहे. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला तेव्हा त्याचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने नकाशे, चित्रं आणि आवाज मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. लोकांना ते बदलता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'वर मिन ली आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' रचला. मूळ कंपनी व्हॉल्व्हने तो पुढल्याच वर्षी विकत घेतला. आणि ज्या पबजीने गावोगावच्या पारावरची पोरं मान खाली घालून बसवली, तोही मॉडच्याच पोटचा. 'आर्मा २' या युद्धाच्या गेमवर 'डे-झी' हा मॉड झाला, त्यावर ब्रेंडन ग्रीनने २०१३ मध्ये 'बॅटल रॉयल' चढवला आणि त्यातून २०१७ मध्ये पबजी आला. 'आर्मा'च्या कंपनीने दार बंद ठेवलं असतं तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटली असती.

आमच्या पिढीला मात्र मॉड माहीत झाला तो क्रिकेटमुळे. ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यानंतर कंपनीने क्रिकेटचा असा गेम पुन्हा काढलाच नाही. आयपीएल सुरू झाली एप्रिल २००८ मध्ये, म्हणजे मूळ गेममध्ये ती असणं शक्यच नव्हतं. पण सायबर कॅफेत आम्ही चेन्नई विरुद्ध मुंबई खेळलो, कारण भारत-पाकिस्तानातल्या हौशी मंडळींनी गेमच्या फाइली उघडून नवे संघ, नवी जर्सी, नव्या बॅटी, मैदानावरचे फलक सगळं भरलं. ती मंडळी आजही थांबलेली नाहीत. कंपनीने मदत केली नाही, साधनं दिली नाहीत. त्यामुळे एक पॅच टाकला की दुसरा मोडायचा, कुठल्या डाउनलोडमधून व्हायरस येईल याचा भरवसा नसायचा आणि कष्ट कुणाचे हे कळायचं नाही. शेतातल्या पाइपलाइनला मालकाने जागोजाग व्हॉल्व्ह ठेवले तर कुणी पाइप फोडत नाही. नाही ठेवले तर तहानलेला माणूस फोडतोच, आणि मग पाणी वाया जातं. मेलबर्नच्या बिग अँट कंपनीने २०१४ च्या 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट'मध्ये असा व्हॉल्व्ह ठेवला. खऱ्या खेळाडूंची नावं वापरायचा हक्क त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी खेळाडू आणि संघ बनवायची 'अकॅडमी'च गेमसोबत दिली. लोकांनी संघ बनवले आणि एकमेकांना वाटले.

कंपन्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. गेमची नवी आवृत्ती आली की जुने मॉड चालेनासे होतात आणि तक्रार मात्र कंपनीकडे जाते. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये फाइल बदलायला मोकळीक दिली तर भिंतीपलीकडचं दिसणारे आणि नेम न चुकणारे लबाड शिरतात. तिथे दार बंदच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. बदनामीची भीतीही असते. 'जीटीए सॅन अँड्रियास'मध्ये २००५ साली एका मॉडमुळे लपवलेलं अश्लील दृश्य उघडं झालं, अमेरिकेत गेमला 'फक्त प्रौढांसाठी' असं मानांकन बसलं आणि मोठ्या दुकानांनी तो मागे घेतला. पण ते दृश्य कंपनीने स्वतःच फाइलींमध्ये ठेवलेलं होतं, मॉडने फक्त कुलूप काढलं. त्याच जीटीएच्या मूळ कंपनीने जून २०१७ मध्ये 'ओपनआयव्ही' या मॉडच्या साधनावर कायद्याची नोटीस काढली, खेळाडू खवळले आणि काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने मॉड बनवणाऱ्यांचीच एक मोठी टोळी, 'फाइव्हएम'वाली, आपल्यात सामील करून घेतली.

माझ्या मते खरा तंटा पैशाचा आणि श्रेयाचा आहे. एप्रिल २०१५ मध्ये 'स्कायरिम'चे मॉड विकायला सुरुवात झाली. शंभर रुपयांतले पंचवीस मॉड करणाऱ्याला, उरलेले दोन कंपन्यांना. गदारोळ इतका झाला की आठवडाही व्हायच्या आत ते बंद करावं लागलं. २०२० च्या 'वॉरक्राफ्ट ३: रिफोर्ज्ड'सोबत ब्लिझर्डने तर नियमच केला की खेळाडूने बनवलेले खेळ कंपनीच्या मालकीचे. हा मला अन्याय वाटतो. साधनं दिली म्हणून शेजाऱ्याच्या घामावर हक्क सांगता येत नाही.

आपल्याकडे चोरी कंपनी करत नाही, आपसांतच होते. एकाने महिनाभर खपून 'हिरकणी' एसटी बनवायची, दुसऱ्याने तिच्यावर आपलं नाव टाकून पुन्हा चढवायची. म्हणून मुलं झिप फाइलला पासवर्ड घालतात आणि तो यूट्यूबच्या व्हिडिओत मधेच कुठेतरी सांगतात, निदान व्हिडिओ तरी पाहिला जावा म्हणून. गेम कंपनीने मॉडच्या फाइलमध्येच कर्त्याचं नाव पक्कं बसवायची सोय केली तर हा खटाटोप निम्मा कमी होईल.

कायद्याची बाजूही पालकांना माहीत असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रोग्रॅमचं रूपांतर करण्याचा हक्क मालकाचा. कलम ५२ रीतसर मिळवलेल्या प्रोग्रॅमचा अभ्यास करायला आणि आपला वेगळा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यापुरती माहिती काढायला मुभा देतं. त्यापलीकडे मॉड करणारा मुलगा कंपनीच्या मर्जीवर उभा असतो. म्हणून कंपनीने काय चालेल आणि काय नाही, हे साध्या भाषेत लिहून द्यायला हवं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 'अनलिमिटेड कॉइन'वाले जे 'मॉड एपीके' व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांचा या कामाशी संबंध नाही. ती फोडलेली ॲप्स आहेत. त्यांतून फोनमध्ये काय शिरेल सांगता येत नाही, आणि त्याच फोनवर घरचं यूपीआय असतं. मुलगा गाडी बनवत असेल तर त्याला बनवू द्या. फुकटची नाणी उतरवत असेल तर थांबवा.

पुण्यात आता गेम बनतात. नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला. एकट्याने खेळायचे गेम जे कुणी यापुढे मराठी मुलखात बनवतील, त्यांनी मॉडसाठीची जागा पहिल्याच आवृत्तीत ठेवावी आणि मजकुरात देवनागरी नीट चालते ना, हे बाहेर पाठवण्याआधी पाहावं. एसटी महामंडळाकडेही माझी मागणी आहे. बोधचिन्ह मॉडमध्ये फुकट वापरायला हरकत नाही, विकायला मनाई आहे, असं एका पानावर जाहीर करावं आणि जुन्या-नव्या बसबॉड्यांची मोजमापं मुलांसाठी खुली करावी. सध्या मुलं स्टॅण्डवर उभ्या गाडीला टेप लावून मापं घेतात, कंडक्टर चहाला गेलेला असताना. आराखडे मिळाले तर १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर धावलेली पहिली निळी-चंदेरी बससुद्धा बनवू, असं त्यांचं म्हणणं आहे.