नाईक यशवंत घाडगे यांचें अल्प आयुष्य

खंदकांत पडलेल्या तरुण अधिकाऱ्यांच्या कथा आमचा सुशिक्षित वर्ग आवडीनें वाचतो. परंतु ज्यास अधिकारी होण्याची वाटच मोकळी नव्हती, अशा तरुणाची आठवण आपणांपैकीं कितीजणांस आहे, हें पहूर, जामनेर, पाचोऱ्याच्या पेठांतील वाचकांनीं स्वतःस विचारून पाहावें.

तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्यांत पळसगांव येथें १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं यशवंत घाडगे जन्मले. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते नाईक होते. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती व हाताखालीं मूठभर शिपाई. देहरादून येथें १९३२ सालीं हिंदी अधिकाऱ्यांची शाळा निघाली होती हें खरें; पण तिच्या दारापर्यंत पोंचण्यास इंग्रजी विद्या व घरचें पाठबळ लागे. खेड्यांतल्या मुलाच्या हातीं बंदूक लवकर येई, पुस्तक येत नसे. अंगची योग्यता कमी म्हणून तो वर चढला नाहीं, असें कोणी म्हणेल तर त्यानें पुढील हकीकत वाचावी.

१० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, घाडगे यांची तुकडी अगदीं जवळून मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. त्यांच्याखेरीज प्रत्येक शिपाई ठार वा जखमी झाला. ते एकटेच शत्रूच्या मोर्चावर धांवून गेले. हातबाँबनें ती मशीनगन व ती चालविणारा निकामी केला. आपल्या टॉमीगननें दुसऱ्यास टिपलें. आणि काडतुसें भरण्यास अवकाश नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्यानें मारलें. इतक्यांत आडून झाडलेल्या गोळ्या लागून, जिंकलेल्या त्याच मोर्चांत त्यांनीं प्राण सोडला. वय अवघें २२. या रक्तपाताचा पोवाडा आम्ही गात नाहीं. समोर पडले तेही कोणाचे तरी पुत्रच होते.

त्यांच्या देहाचा ठाव लागला नाहीं. कॅसिनो येथील स्मारकावर केवळ नांव आहे. मोंतोने या इटालियन गांवानें २०२३ सालीं त्यांच्या नांवें सूर्यघटिकेचें स्मारक उभारलें. आपल्याकडे माणगांवीं पुतळा आहे. असो.

व्हिक्टोरिया क्रॉस नोव्हेंबर १९४४ मध्यें जाहीर झाला. पुढील वर्षीं व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्तें तो त्यांच्या पत्नीनें स्वीकारला. पदक घेण्यास क्षण पुरला. वैधव्य जन्माचें होतें. जमाखर्च लिहिणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांस हें निराळें सांगावयास नको कीं, एक बाजू भरली म्हणून खातें मिटत नाहीं. वीरपत्नी म्हणून सभेंत शाल द्यावयाची आणि घरच्या मंगलकार्यांत विधवेस मागें बसवावयाचें, हा कोणता न्याय? कोल्हापुराकडील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींसही तोच मार्ग दाखविला. येत्या लग्नसराईंत आमच्या पेठेंतील मांडवांत विधवा आई, बहीण, भावजय कोठें बसते, तें आम्ही पाहूं.