धानाच्या राखणीस उन्हाची वीज : झटका-मशीन आणि जिवंत तार

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा व धानाचा जिल्हा होय. वैनगंगेच्या दोहों बाजूंस पसरलेल्या बांद्या, धुऱ्यांवरील तूर आणि धानाच्या मागून येणारीं लाखोळी, जवस व हरभरा हीं पिकें यांवर येथील कास्तकाराचा संसार चालतो. त्याच जिल्ह्याच्या एका अंगास नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प व कोका अभयारण्य असून दुसऱ्या अंगास उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तेव्हां धान लोंबीवर आलें कीं रानडुकरांचे कळप रात्रीं बांद्यांत उतरतात, आणि जितकें खातात त्याहून अधिक तुडवून व लोळून नासवितात. चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत मातींत जाते. अशा वेळीं मचाणावर जागल करून थकलेल्या मनुष्यास सोपा उपाय सुचतो, तो म्हणजे पंपाच्या वा खांबावरील लाइनीवरून वीज घेऊन ती शेताभोंवतीच्या उघड्या तारेंत सोडणें. यासच आपण जिवंत तार म्हणतों. हा उपाय किती घातक आहे, आणि तेंच काम जीव न घेतां उन्हाच्या विजेनें कसें साधतें, हें येथें विस्तारानें सांगावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जनावरास परतविणें हा आपला हेतु आहे, त्यास मारणें हा नव्हे. रानडुक्कर परततें तें वेदनेमुळें व त्या वेदनेच्या आठवणीमुळें. ही वेदना क्षणभराची असली तरी पुरते. मृत्यूस मात्र वीज शरीरांतून कांहीं काळ वाहत राहावी लागते. वेदना व मृत्यु यांच्यामधील हें जें काळाचें अंतर, त्यावरच झटका-मशीनची सर्व रचना उभी आहे.

घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो व तिचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करितो. ओल्या बांदींत अनवाणी उभ्या असलेल्या मनुष्याच्या शरीराचा विरोध सुमारें १,००० ओहम धरला, तर त्याच्या अंगांतून ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो. हा आंकडा लहान दिसतो; परंतु याच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी प्रवाहानें हाताचे स्नायु आवळले जातात व मूठ सुटत नाहीं. मूठ सुटत नाहीं म्हणून प्रवाह थांबत नाहीं, आणि प्रवाह थांबत नाहीं म्हणून हृदयाची लय बिघडून तें नुसतें थरथरूं लागतें. थोड्याच वेळांत मनुष्य दगावतो. घरांतील गळती-रोधक स्विच ०.०३ अँपिअरवरच वीज तोडतो तो याच कारणास्तव. शेतांतील उघड्या जिवंत तारेस असा रक्षक नसतो.

झटका-मशीनचा दाब याहून फार मोठा, म्हणजे पांच ते दहा हजार व्होल्टपर्यंत असतो. हा आंकडा ऐकून पुष्कळांस भय वाटतें, व २३० व्होल्टची तारच सौम्य असावी असा उलटा समज होतो. वास्तविक येथें दाबापेक्षां काळ महत्त्वाचा आहे. झटक्याचा ठोका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाहि टिकत नाहीं, आणि दुसरा ठोका येण्यापूर्वीं सुमारें एक सेकंद तार मोकळी असते. तेवढ्या अवकाशांत स्नायु सैल होतो व प्राणी मागें उडी घेतो. निखाऱ्यास बोट लागून तें चटकन् मागें येणें निराळें, आणि निखारा मुठींत धरून बसणें निराळें. तसाच हा भेद आहे. कुंपणाच्या यंत्रांसाठीं जें आंतरराष्ट्रीय मानक आहे (क्रमांक ६०३३५-२-७६), त्यांत ठोक्याची शक्ति ५०० ओहमच्या विरोधांत ५ ज्यूलपेक्षां अधिक नसावी आणि दोन ठोक्यांत एक सेकंदाहून कमी अंतर नसावें, असा दंडक आहे.

आतां हा ठोका तयार कसा होतो तें पाहूं. दिवसा सौर तावदानावर ऊन पडलें कीं त्यांतील सिलिकॉनच्या चकत्यांत वीज उत्पन्न होते व ती १२ व्होल्टच्या बॅटरींत सांठते. अशी पहिली उपयुक्त सिलिकॉन चकती अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं जगापुढें मांडली. मशीनच्या पेटींत बॅटरीची वीज कांहींशें व्होल्टपर्यंत चढवून एका कंडेन्सरमध्यें भरली जाते. आपल्या पंपाच्या मोटारीस असतो त्याच तत्त्वावरील हा कंडेन्सर होय. तो भरला कीं थायरिस्टर नांवाचें एक दार एकदम उघडतें, सर्व सांठा एका क्षणांत रोहित्रांतून वाहतो, आणि रोहित्र त्याचा दाब हजारों व्होल्टपर्यंत नेऊन तारेंत सोडतें. उदाहरणार्थ, १० मायक्रोफॅराडचा कंडेन्सर ६०० व्होल्टपर्यंत भरला तर त्यांत १.८ ज्यूल शक्ति मावते. एक किलोचें माप जवळजवळ वीतभर उचलावयास जेवढी शक्ति लागते, तेवढीच ही. सेकंदास एक ठोका धरला व यंत्रांतील घट जमेस धरून ३ वॅट खर्च मानला, तरी बारा तासांच्या रात्रीस ३६ वॅट-तास, म्हणजे बॅटरीची केवळ ३ अँपिअर-तास वीज लागते. म्हणूनच लहानसें तावदान या कामास पुरतें.

या यंत्रांत प्रकाश आणखी एक काम करितो. सांज झाली व तावदानावरील प्रकाश मंदावला कीं त्याचा दाब उतरतो. कांहीं यंत्रांत प्रकाशाप्रमाणें विरोध कमीजास्त होणारा एक लहानसा तुकडाहि बसविलेला असतो. त्यावरून यंत्र ओळखतें कीं रात्र झाली, आणि ठोके आपोआप सुरू होतात. उजाडतांच ते थांबतात. अशा रीतीनें प्रकाश या कुंपणाचा भरणारा असून हुकूम देणाराहि आहे. दिवसा वानरांचा वा रोह्यांचा उपद्रव असेल, तर मात्र दिवसरात्र चालणारें यंत्र घ्यावें, किंवा ज्यास तशी कळ आहे तें पाहून घ्यावें.

प्रकाशानें वीज चाळवितां येते ही गोष्ट नवी नव्हे. जर्मनींतील हेन्रिक हर्ट्झ या शास्त्रज्ञास १८८७ सालीं असें दिसून आलें कीं, एका ठिणगीचा अतिनील प्रकाश दुसऱ्या फटीवर पडला कीं तेथें ठिणगी अधिक सहज उडते. या चमत्काराचा उलगडा आइन्स्टाइननें १९०५ सालीं केला. आज आपल्या विदर्भांतहि त्याच दिशेचा एक मोठा वापर आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटर लांबीची, पांच लाख व्होल्ट दाबाची जी एकदिश विजेची वाहिनी गेली आहे, तिच्या टोकांवरील थायरिस्टरांस उघडण्याचा इशारा कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें पाठवितात. कारण एवढ्या दाबाजवळ धातूची तार नेली तर तीच वीज हुकूम देणाऱ्या यंत्रावर उलटेल. प्रकाशास ही भीति नाहीं. मोठ्या विजेपासून लहान यंत्रास व मनुष्यास दूर राखणें हें जें तेथील तत्त्व, तेंच आपल्या कुंपणासहि लागू आहे : तारेचा व खांबावरील लाइनीचा कोठेंहि स्पर्श होतां कामा नये.

पुष्कळ ठिकाणीं झटका-मशीन बसवूनहि डुकरें आंत येतात व दोष यंत्रास दिला जातो. बहुधा दोष मांडणीचा असतो. तारेंतून निघालेली वीज जनावराच्या अंगांतून जमिनींत व जमिनींतून परत यंत्राकडे आली, तरच झटका बसतो. यासाठीं यंत्राची जमीन-जोडणी उत्तम हवी. जस्ताचा मुलामा दिलेल्या सहा फुटी तीन सळ्या एकमेकींपासून सुमारें दहा फुटांवर, शक्य तों ओलाव्याच्या जागीं ठोकाव्या. पावसाळ्यांत बांदी ओली असल्यानें अडचण येत नाहीं. परंतु हरभऱ्याच्या अखेरीस जमीन वाळली कीं झटका मंदावतो. तेव्हां सळ्यांभोंवतीं पाणी घालावें, किंवा एक आड एक तार जमिनीस जोडून परतीची वाट तारेनेंच द्यावी.

सर्वांत खालची तार जमिनीपासून सुमारें आठ इंचांवर असावी. डुकराचें ओलें नाक तिलाच प्रथम लागतें. दाट केंसांवर व जाड कातड्यावर लागलेली तार तितकी जाणवत नाहीं. त्यावर योग्य अंतरानें आणखी तीन तारा घ्याव्या, आणि जेथें रोही उड्या मारतात तेथें वरची तार पांच फुटांपर्यंत न्यावी. श्रावण-भाद्रपदांत धुऱ्यावरील गवत तारेस टेकतें व प्रत्येक पातीवाटे थोडी वीज जमिनींत मुरते. म्हणून दर आठवड्यास तारेखालील गवत कापलेंच पाहिजे. कुंपणाच्या दूरच्या टोकाशीं मापकानें दाब पाहावा. तो तीन-चार हजार व्होल्टच्या खालीं आला असेल तर कोठें तरी गळती आहे असें समजावें. खांबांस चांगले विरोधक लावावे. लांकडी खांबावर नुसती तार गुंडाळली तर पहिल्याच पावसांत काम बिघडतें. तावदानावरील धूळ पुसावी, आणि ढगांचा गडगडाट होत असतां यंत्र तारेपासून सोडवून ठेवावें. वाटेच्या कडेला पिवळे इशाऱ्याचे फलक लावावे, व मुलांस आणि मजुरांस तारेची माहिती द्यावी.

खर्चाचा विचार करितां एकट्यानें कुंपण घालण्यापेक्षां शेजाऱ्यांनीं मिळून घालणें फार किफायतीचें आहे. एक हेक्टरच्या चौरस शेताचा घेर ४०० मीटर होतो, व चारपदरी कुंपणास १,६०० मीटर तार लागते. तींच पंचवीस हेक्टर शेतें एका घेऱ्यांत घेतलीं, तर घेर २,००० मीटर व तार ८,००० मीटर होते; म्हणजे हेक्टरीं केवळ ३२० मीटर. तारेचा खर्च एक पंचमांशावर येतो, आणि एकाच्या बांदींतून परतलेला कळप शेजाऱ्याच्या बांदींत शिरण्याची तक्रारहि उरत नाहीं. घेऱ्यांत नाले व रानवाटा मात्र अडवूं नयेत. जनावरांस जावयास वाट राहिली तर तीं कुंपण फोडीत नाहींत. महाराष्ट्र शासनाच्या २०१५ सालच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेंत सौर कुंपणास साहाय्य देण्याची तरतूद झालेली आहे. आपलें गांव तींत बसतें कीं नाहीं याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयांत करावी.

आतां जिवंत तारेचा परिणाम काय होतो तें पाहावें. २०१३ सालीं नागझिऱ्याहून निघून आपल्या जिल्ह्यांतून उमरेड-कऱ्हांडल्यास गेलेला जय नांवाचा वाघ सर्वांस ठाऊक आहे. त्याचा बच्चा श्रीनिवास हा एप्रिल २०१७ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीडजवळ शेताच्या विजेच्या तारेस लागून मेला, व त्याचें कलेवर जमिनींत पुरलेलें सांपडलें. ती तार कोणीं वाघासाठीं लावीत नाहीं. पण तार ओळखत नाहीं कीं आपणांस लागलें तें डुक्कर आहे, वाघ आहे, शेजाऱ्याचा बैल आहे, कीं पहांटे पाणी पाहावयास निघालेला आपलाच मुलगा आहे.

कायद्याचें म्हणणेंहि स्पष्ट आहे. लाइनीवरून परस्पर वीज घेणें ही २००३ च्या विद्युत् कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणें चोरी असून तीस तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. वाघ मेल्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊं शकते. मनुष्य मेला तर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहतो. आणि धान वांचविण्यासाठीं तार लावणाऱ्याचें सर्व घरच कोर्टाच्या फेऱ्यांत बुडून जातें.

तरी शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंती अशी कीं, धानाचे परे टाकण्याच्या सुमारासच गांवच्या बैठकींत हा विषय काढावा. किती शेतें एका घेऱ्यांत येतात तें मोजावें, तारेचा व यंत्राचा खर्च वांटून घ्यावा, आणि गवत कापण्याच्या पाळ्या लावाव्या. लोंबी भरावयास लागल्यावर घाईनें केलेला उपाय बहुधा जिवंत तारेचाच असतो. ज्या गांवांत आजहि अशी तार लागत असेल, तेथील जाणत्यांनीं ती काढवून घ्यावी. पिकाची राखण हा आपला हक्क खरा. परंतु ती राखण करितांना कोणाचाहि जीव न जावा, एवढें आपल्या हातीं निश्चित आहे.